तेल नेमके कोणी पचवले? सूक्ष्मशैवाले आणि पेट्रोलियम प्रदूषण यांविषयीच्या संशोधनाचा इतिहास

सारांश

पेट्रोलियमजन्य प्रदूषकांच्या विघटनासाठी सूक्ष्मशैवालांचा उपयोग करता येईल, हा विचार गेल्या पाच दशकांत वारंवार मांडला गेला आहे. प्रस्तुत लेखात या विचाराची वाटचाल १८९० ते २०१५ या कालखंडातील निवडक संशोधनाच्या आधारे तपासली आहे. शैवाल वाढवलेल्या पात्रातील तेल कमी झाले, एवढ्यावरून ते शैवालाने पचवले असे सिद्ध होत नाही. ही साधी वाटणारी गोष्ट प्रस्थापित होण्यास बराच काळ लागला. हे श्रेय अनेकदा शैवालाच्या सोबतीने राहणाऱ्या जीवाणूंचे होते. मात्र त्यामुळे शैवालाचे महत्त्व कमी होत नाही, तर त्याचे स्वरूप बदलते, असा या लेखाचा निष्कर्ष आहे.

बीजशब्द : सूक्ष्मशैवाल, नील-हरित शैवाल, हायड्रोकार्बन, शुद्ध संवर्धन, जैविक उपचार, सहजीवन.

१. प्रस्तावना

खनिज तेल आणि शैवाल यांचे नाते मुळात उत्पादक आणि उत्पादन यांचे आहे. प्राचीन समुद्रांत व सरोवरांत वाढलेली सूक्ष्मशैवाले मृत होऊन तळाशी साचली, गाळाखाली दबली, उष्णता व दाब यांच्या परिणामाने त्यांच्या अवशेषांचे रूपांतर झाले, आणि लाखो वर्षांनी त्यातून खनिज तेल निर्माण झाले. जगातील तेलसाठ्यांचा मोठा भाग अशा रीतीने घडला आहे. बॉट्रिओकॉकस ब्राउनी नावाचे हिरवे शैवाल तर आजही आपल्या पेशींभोवती हायड्रोकार्बन साठवते. दक्षिण ऑस्ट्रेलियातील कूराँग परिसरात या शैवालापासून बनलेला रबरासारखा पदार्थ एकोणिसाव्या शतकात सापडला. तो जमिनीतून झिरपलेल्या तेलाचा अवशेष असावा, अशा समजुतीने तेथे तेलासाठी विहिरीही खोदल्या गेल्या. तेल मिळाले नाही. शैवालाचे कर्तृत्व ओळखण्यात माणसाची झालेली ती एक जुनी चूक होय.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या नात्याची उलट बाजू पुढे आली. समुद्रात सांडलेले तेल नष्ट करण्याच्या कामी शैवालांचा उपयोग होईल काय, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. आज महाविद्यालयीन प्रयोगशाळांमध्ये हा विषय लोकप्रिय आहे. डिझेल किंवा वापरलेले इंजिन तेल मिसळलेल्या पाण्यात क्लोरेला, स्पायरुलिना अथवा ऑसिलेटोरिया वाढवावे, काही दिवसांनी उरलेले तेल मोजावे आणि शैवालाने अमुक टक्के तेलाचे विघटन केले असा निष्कर्ष काढावा, अशी प्रकल्पांची एक ठरावीक चौकट झाली आहे. हा निष्कर्ष कितपत ग्राह्य आहे, हे समजण्यासाठी या विषयाचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते. कारण नेमका हाच प्रश्न, म्हणजे तेल कमी झाले खरे, पण ते कोणी कमी केले, हा या इतिहासाचा कणा आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) शैवालांच्या तेल-विघटन क्षमतेविषयीची मते कशी घडली व कशी बदलली ते पाहणे, (२) त्या बदलांमागील प्रायोगिक पुराव्याचे स्वरूप तपासणे, (३) आपल्या किनारपट्टीच्या व महाविद्यालयीन संशोधनाच्या दृष्टीने त्यातून मिळणारा बोध मांडणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रकाशित संशोधनावर आधारित आहे.

येथे संज्ञेविषयी एक खुलासा करणे योग्य होईल. ज्यांना आपण नील-हरित शैवाले म्हणतो, ती पेशीरचनेच्या दृष्टीने जीवाणूच आहेत. रॉजर स्टॅनियर आणि सी. बी. व्हान नील यांनी १९६२ मध्ये जीवाणूची जी संकल्पना मांडली, तिच्यानंतर सायनोबॅक्टेरिया हे नाव रूढ होत गेले. तथापि ही सजीवसृष्टी प्रकाशसंश्लेषण करते, प्राणवायू सोडते आणि तिचा अभ्यास परंपरेने शैवालशास्त्रात होत आला आहे. टी. व्ही. देसिकाचारी यांचा भारतीय नील-हरित शैवालांवरील १९५९ चा प्रसिद्ध ग्रंथ हे त्याचे उदाहरण होय. म्हणून या लेखात त्यांचा समावेश सूक्ष्मशैवालांतच केला आहे.

३. दोन स्वतंत्र प्रवाह : १८९० ते १९४६

या इतिहासाचे दोन उगम आहेत. पहिला उगम शुद्ध संवर्धनाच्या तंत्रात आहे. रॉबर्ट कॉख यांनी जीवाणू एकमेकांपासून वेगळे करून वाढवण्याची पद्धत १८८० च्या दशकात प्रस्थापित केली. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे मार्टिनस बायरिंक यांनी १८९० मध्ये हीच पद्धत शैवालांना लावली आणि क्लोरेला हे हिरवे शैवाल शुद्ध स्वरूपात वाढवले. शुद्ध याचा अर्थ असा की त्या पात्रात शैवालाखेरीज दुसरा कोणताही जीव नाही. जे काही घडेल ते शैवालानेच केले, असे म्हणण्याचा अधिकार या तंत्राने अभ्यासकाला दिला. पुढील शंभर वर्षांच्या वादाचा निकाल या अधिकारावरच अवलंबून राहणार होता.

दुसरा उगम तेल खाणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या शोधात आहे. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ मानाबू मियोशी यांनी १८९५ मध्ये बुरशीचे धागे पॅराफिनच्या थरातून आरपार जातात असे दाखवले. बायरिंक यांचेच शिष्य निकोलास सॉनगेन यांनी १९०६ मध्ये मिथेन वायूवर जगणारा जीवाणू वर्णिला आणि १९१३ मध्ये पेट्रोल, रॉकेल व पॅराफिन हे सूक्ष्मजीवांचे कर्ब व ऊर्जा यांचे स्रोत होऊ शकतात हे सविस्तर मांडले. अमेरिकेच्या स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेतील क्लॉड झोबेल यांनी १९४६ मध्ये या सर्व माहितीचा आढावा घेतला. हायड्रोकार्बनचे विघटन करणाऱ्या सुमारे १०० सूक्ष्मजीव-प्रजातींची त्यांनी नोंद केली. त्यांत जीवाणू, किण्व व बुरशी होत्या.

हे दोन प्रवाह एकाच शहरातून निघाले, तरी ते बराच काळ परस्परांना मिळाले नाहीत. त्याचे कारण सरळ होते. शैवाल सूर्यप्रकाशावर आपले अन्न स्वतः तयार करते; त्याला तेल खाण्याची गरजच काय? शैवाल उत्पादक आणि जीवाणू विघटक, ही परिसंस्थाशास्त्रातील विभागणी इतकी पक्की होती की हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

४. टोरी कॅनियनपासून बाल्टिमोरपर्यंत : १९६७ ते १९७५

दि. १८ मार्च १९६७ रोजी टोरी कॅनियन हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापुढील खडकावर आदळले. त्यावर सुमारे १,१९,००० टन कच्चे तेल होते. तवंग पसरू लागताच ब्रिटिश यंत्रणेने त्यावर सुमारे १०,००० टन अपक्षालके फवारली आणि अखेर जहाजावर बाँबफेकही केली. प्लिमथ येथील सागरी प्रयोगशाळेने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातून स्पष्ट झाले की किनाऱ्यावरील जीवसृष्टीची अधिक हानी तेलापेक्षा त्या अपक्षालकांनी केली. उपाय हा अपायाहून जड ठरला. यानंतर तेलाचे निसर्गतः विघटन कसे होते, या प्रश्नाकडे संशोधकांचे आणि निधी देणाऱ्या संस्थांचे लक्ष वळले. रोनाल्ड अ‍ॅटलस व रिचर्ड बार्था यांनी १९७२ मध्ये दाखवले की समुद्राच्या पाण्यात तेलाचे विघटन संथ असते ते जीवाणू नसतात म्हणून नव्हे, तर नत्र व स्फुरद अपुरे असतात म्हणून. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

याच वातावरणात १९७५ साली मेरीलँड विद्यापीठातील जे. डी. वॉकर, रीटा कॉलवेल व त्यांचे सहकारी यांचे संशोधन ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बाल्टिमोर बंदरातील तेलाने दूषित झालेल्या कोलगेट खाडीत त्यांना प्रोटोथीका झोप्फी हे शैवाल आढळले आणि ते तेलावर वाढत होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या लेखात त्यांनी मोजमाप दिले : अनुकूल परिस्थितीत या शैवालाने इंजिन तेलाचा सुमारे १० टक्के व कच्च्या तेलाचा सुमारे ४० टक्के भाग नष्ट केला. जीवाणूंच्या कामगिरीशी ही कामगिरी तुल्य होती. शिवाय इंजिन तेलातील अ‍ॅरोमॅटिक घटक आणि कच्च्या तेलातील संतृप्त घटक यांवर त्याचा विशेष परिणाम होतो, असेही आढळले.

पेट्रोलियमचे विघटन करणारे शैवाल सापडले, ही बातमी खरी होती. परंतु तिच्यात एक विशेषण दडलेले होते. प्रोटोथीका हे रंगहीन शैवाल आहे. १८९४ मध्ये विल्हेल्म क्रूगर यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. ते क्लोरेलाचे जवळचे नातेवाईक असले, तरी उत्क्रांतीच्या ओघात त्याने हरितद्रव्य गमावले आहे. ते प्रकाशसंश्लेषण करत नाही. बुरशीप्रमाणे बाहेरील सेंद्रिय पदार्थांवर जगते. म्हणजे कुळाने ते शैवाल असले, तरी वृत्तीने विघटक आहे. त्याच्या उदाहरणावरून हिरव्या शैवालांविषयी अनुमान काढणे धाडसाचे होते, पण पुढील अनेक आढाव्यांत ‘शैवाले तेलाचे विघटन करतात’ या विधानाला आधार म्हणून प्रोटोथीकाचाच दाखला दिला गेला. या प्रजातीसमूहाला आणखी एक बाजू आहे. गाईंच्या स्तनदाहाचे कारण म्हणून प्रोटोथीका १९५२ पासून ज्ञात आहे. म्हणून तेल नष्ट करण्यासाठी ते उघड्या जलाशयात सोडणे इष्ट ठरणार नाही.

५. १९८० : हिरव्या पेशींची परीक्षा

१९८० हे वर्ष तेलभक्षक सूक्ष्मजीवांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे ते एका न्यायालयीन निकालामुळे. आनंद मोहन चक्रवर्ती या बंगाली शास्त्रज्ञाने जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना कच्च्या तेलातील अनेक घटक पचवू शकणारा स्यूडोमोनास जीवाणू तयार केला होता. दि. १६ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने अशा सजीवास एकस्व मिळू शकते असा निर्णय दिला. या निर्णयाने जैवतंत्रज्ञान उद्योगाची दिशा ठरली. मात्र तो जीवाणू प्रत्यक्ष समुद्रातील तवंगावर कधीच वापरला गेला नाही.

त्याच वर्षी, कोणताही गाजावाजा न होता, कार्ल सर्निग्लिया, डेव्हिड गिब्सन व चेस व्हान बालेन या टेक्ससमधील संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. शैवालांच्या बाजूने तो अधिक मोलाचा होता. त्यांनी नऊ नील-हरित, पाच हिरवी, एक लाल व एक तपकिरी शैवाल आणि दोन डायाटम अशा एकूण १८ जीवांची चाचणी घेतली. कपाटात कपड्यांसोबत ठेवल्या जाणाऱ्या डांबरगोळ्यांतील नॅफ्थलीन हा कच्च्या तेलातीलही एक घटक आहे. तो या शैवालांना देण्यात आला. प्रकाशात, स्वतःचे अन्न स्वतः तयार करत असताना, या सर्व शैवालांनी नॅफ्थलीनचे ऑक्सिडीकरण केले. अ‍ॅग्मेनेलम क्वाड्रुप्लिकेटम या सागरी नील-हरित शैवालात नॅफ्थलीनपासून १-नॅफ्थॉल तयार होते, हे त्यांनी १९७९ मध्येच दाखवले होते.

या संशोधनाचा अर्थ मात्र काळजीपूर्वक लावावा लागतो. शैवालाने नॅफ्थलीनच्या रेणूला प्राणवायू जोडला; तो रेणू मोडून त्याचा कार्बन डायऑक्साइड केला असे नाही. पहिल्या क्रियेला रूपांतर म्हणतात, दुसरीला पूर्ण विघटन. बाहेरून आलेले विषारी द्रव्य पाण्यात विरघळेल असे करून निकामी करणे, हे काम सस्तन प्राण्यांचे यकृतही करते. म्हणून यकृत त्या द्रव्यावर जगते असे आपण म्हणत नाही. शिवाय रूपांतरित द्रव्य मूळ द्रव्याहून निरुपद्रवी असेलच असेही नाही. सिनसिनाटी येथील डेव्हिड वॉरशॉस्की व सहकारी यांनी सेलेनास्ट्रम कॅप्रिकॉर्न्युटम हे गोड्या पाण्यातील हिरवे शैवाल कर्करोगकारक बेंझोपायरिनचे रूपांतर करते हे १९८० च्या दशकात दाखवले. प्रकाशाच्या प्रकारानुसार या द्रव्यांची विषारकता कमी-अधिक होते, असेही त्यांच्या पुढील कामातून निष्पन्न झाले.

पूर्ण विघटनाचा स्वच्छ पुरावा मिळण्यास १९९६ उजाडले. कर्क सेंपल व आर. बी. केन यांनी ओक्रोमोनास डॅनिका हे सोनेरी शैवाल जीवाणूविरहित अवस्थेत, अंधारात, केवळ फिनॉल देऊन वाढवले. फिनॉल हे तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या सांडपाण्यात हमखास आढळणारे प्रदूषक आहे. या शैवालाने त्याचे वलय तोडून ते पचवले. हा निर्विवाद पुरावा होय. परंतु ओक्रोमोनास हे प्रकाशाबरोबरच सेंद्रिय अन्नावरही जगणारे, अगदी जीवाणू गिळणारे शैवाल आहे. म्हणजे येथेही विघटनाची क्षमता त्याच शैवालात दिसली, ज्याची वृत्ती पूर्णतः स्वयंपोषी नाही.

६. आखातातील निळे-हिरवे थर : १९९१ ते १९९८

प्रयोगशाळेत संथ गतीने चाललेला हा विषय १९९१ च्या आखाती युद्धाने एकाएकी प्रकाशात आणला. त्या वर्षी जानेवारीत कुवेतच्या किनाऱ्यावरून सोडलेले तेल सौदी अरेबियाच्या सुमारे ७०० कि.मी. किनाऱ्यावर पसरले. सांडलेल्या तेलाचे अंदाज ४० लाखांपासून १ कोटी १० लाख पिंपांपर्यंत आहेत. दोनच वर्षांपूर्वी, १९८९ मध्ये, अलास्कातील एक्सॉन व्हॅल्डेझ अपघातात सांडलेले तेल सुमारे ३७,००० टन होते. त्याच्या तुलनेत आखातातील संकट कित्येक पटींनी मोठे होते. युद्धकाळात साफसफाई शक्य नव्हती. किनारे दीर्घकाळ निर्जीव राहतील अशी सर्वांची अटकळ होती.

काही महिन्यांतच निरीक्षकांना वेगळे दृश्य दिसले. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, डांबरासारख्या घट्ट झालेल्या तेलावरच, नील-हरित शैवालांचे दाट थर वाढत होते. शंखशिंपले व खेकडे मेल्यामुळे त्यांना खाणारे कोणी उरले नव्हते, हेही या वाढीमागचे एक कारण होते. कुवेत विद्यापीठातील एन. ए. सोरखोह, आर. एच. अल-हसन, एस. एस. रादवान आणि जर्मन शास्त्रज्ञ थॉमस ह्योप्नर यांनी १९९२ मध्ये ‘नेचर’मध्ये या घटनेची नोंद केली. आखात स्वतःच स्वतःला स्वच्छ करत आहे, असा त्यांच्या टिपणाचा आशय होता. शैवालतंतूंच्या बुळबुळीत आवरणात तेलभक्षक जीवाणू मोठ्या संख्येने रुतून बसलेले आहेत आणि त्यामुळे ते लाटांबरोबर वाहून जात नाहीत, हे त्यांनी लक्षात आणून दिले.

मूळ टिपणात भर भागीदारीवर होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. परंतु शैवाल स्वतःही तेल खाते काय, हा प्रश्न सुटलेला नव्हता. कुवेतच्या गटानेच १९९४ व १९९८ मध्ये मायक्रोकोलियस क्थोनोप्लास्टेस व फॉर्मिडियम कोरियम या तंतुमय शैवालांनी सरळ साखळीचे हायड्रोकार्बन वापरल्याचा पुरावा मांडला. त्यानंतर नील-हरित शैवाले तेलाचे विघटन करतात हे विधान सर्वत्र उद्धृत होऊ लागले. भागीदारीचा तपशील मागे पडला आणि डोळ्यांना दिसणारा हिरवा रंग श्रेयाचा धनी झाला.

७. श्रेयाची फेरतपासणी : २००३ ते २००६

नील-हरित शैवाले जीवाणूविरहित करणे अतिशय अवघड असते. त्यांच्या श्लेष्मल आवरणात जीवाणू खोलवर बसलेले असतात. वारंवार धुऊन, प्रतिजैविके देऊनही काही उरतातच. त्यामुळे शैवालाचे संवर्धन म्हणून ज्याची नोंद होते, ते बहुधा एक लहानसे गाव असते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी जनुकीय तंत्रे सुलभ झाली, तेव्हा या गावाची शिरगणती करणे शक्य झाले.

स्पेनमधील ओल्गा सांचेझ व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तेलावर वाढणाऱ्या मायक्रोकोलियसच्या संवर्धनाचे आनुवंशिक विश्लेषण केले. शैवालाच्या आवरणात नाना प्रकारचे परपोषी जीवाणू आढळले. त्याच वर्षी राईद आबेद व युर्गेन क्योस्टर यांनी ऑसिलेटोरियाचे संवर्धन आणि त्यातून वेगळे काढलेले जीवाणू यांची तुलना केली. शैवालासह असलेला समूह तेलातील संयुगांचे विघटन करत होता आणि वेगळे काढलेले जीवाणूही ते काम करू शकत होते. फ्रेंच संशोधक फ्रेडरिक शायाँ व सहकारी यांनी २००६ मध्ये इंडोनेशियातील तेलदूषित स्थळावरील शैवालथराचा अभ्यास प्रसिद्ध केला. थरातील प्रमुख शैवाल फॉर्मिडियम त्यांनी शुद्ध स्वरूपात वाढवले, तेव्हा त्याने तेलाचे विघटन केले नाही. थरातील जीवाणू व बुरशी यांनी मात्र ते केले.

क्षेत्रीय निरीक्षणांनीही सावध केले. हान्स-यॉर्ग बार्थ यांनी सौदी किनाऱ्याचा दीर्घकाळ अभ्यास करून २००३ मध्ये दाखवले की शैवालथरांचा परिणाम दुहेरी असतो. उन्हाने वाळून थर तडकला की त्याच्यासोबत तेलाचा पापुद्राही निघून जातो आणि जमीन मोकळी होते. पण थर सतत ओला राहिला, तर तो झाकणासारखा बसतो, खाली प्राणवायू पोहोचत नाही आणि तेल जसेच्या तसे टिकून राहते. ज्या थराला आखाताच्या शुद्धीचे श्रेय दिले गेले, तोच काही ठिकाणी त्या शुद्धीतील अडथळा होता.

८. मग शैवालाचे कार्य कोणते?

या फेरतपासणीचा अर्थ शैवाल निरुपयोगी आहे असा नव्हे. तेलाच्या विघटनाला काय लागते, हे पाहिले म्हणजे त्याचे खरे कार्य ध्यानात येते. पहिली गरज प्राणवायूची. हायड्रोकार्बनच्या रेणूवर जीवाणूचा पहिला आघात सामान्यतः प्राणवायूच्या साहाय्यानेच होतो. तेलाने माखलेल्या गाळात नेमका तोच संपलेला असतो. शैवाल प्रकाशात प्राणवायू सोडते आणि जीवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेते. हे तत्त्व सांडपाण्यासाठी विल्यम ऑस्वाल्ड यांनी कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकातच मांडले होते. २००३ मध्ये झेव्हियर बोर्ड, बेन्वा गियेस व सहकारी यांनी क्लोरेला सोरोकिनियाना व जीवाणू यांची जोडी करून फिनॉल, सॅलिसिलेट व फिनँथ्रीन यांसारख्या प्रदूषकांवर त्याची प्रचिती दिली. बाहेरून हवा न पुरवता, केवळ प्रकाशावर, जीवाणूंना लागणारा प्राणवायू शैवालाने पुरवला.

दुसरी गरज नत्राची. तेलात कर्ब भरपूर असतो, नत्र नगण्य. एक्सॉन व्हॅल्डेझच्या वेळी अलास्काच्या किनाऱ्यावर खते फवारली गेली ती यासाठीच. काही नील-हरित शैवाले हवेतील नत्र स्थिर करतात. भातखाचरांच्या सुपीकतेमागे हीच शैवाले आहेत, हे पी. के. डे यांनी बंगालमधील भातजमिनींच्या अभ्यासातून १९३९ मध्ये सिद्ध केले होते. तिसरी गरज निवाऱ्याची. ती श्लेष्मल आवरण भागवते. वेन बेल व राल्फ मिचेल यांनी १९७२ मध्ये शैवालपेशीभोवतीच्या या जीवाणूसंपन्न परिसराला स्वतंत्र नाव दिले, ज्याला मराठीत शैवालपरिसर म्हणता येईल. टोनी गुटिएरेझ व सहकारी यांना २०१२-१३ मध्ये सागरी डायनोफ्लॅजेलेट व डायाटम यांच्या संवर्धनांतून अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बनवर जगणारे नवे जीवाणू मिळाले.

मग तेलाचा स्पर्श न झालेल्या समुद्रातही तेलभक्षक जीवाणू कसे टिकून असतात? या जुन्या कोड्याचे एक उत्तर २०१५ मध्ये डेव्हिड ली-स्मिथ व सहकारी यांनी दिले. प्रोक्लोरोकॉकस व सिनेकोकॉकस ही समुद्रातील अतिसूक्ष्म नील-हरित शैवाले स्वतः अल्प प्रमाणात हायड्रोकार्बन बनवतात. त्यांची संख्या इतकी प्रचंड आहे की या उत्पादनाची वार्षिक बेरीज ३०.८ ते ७७.१ कोटी टन होते, असा त्यांचा अंदाज आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये अंदाजलेले समुद्रात मिसळणाऱ्या पेट्रोलियमचे वार्षिक प्रमाण सुमारे १३ लाख टन होते. म्हणजे जीवाणूंना हायड्रोकार्बनचा शिधा अखंड पुरवणारे शैवालच आहे. जहाज फुटते तेव्हा जी फौज धावून येते, ती शैवालाने पोसलेली असते.

याच काळात शैवालाची आणखी एक भूमिका उघड झाली. दि. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन दुर्घटना घडली. तेथे सूक्ष्मशैवालांच्या चिकट स्रावात तेलाचे कण अडकून त्यांचे पुंजके तळाशी बसले. पृष्ठभागावरचे तेल दिसेनासे झाले. नष्ट झाले नाही.

९. आपला किनारा व आपली प्रयोगशाळा

महाराष्ट्र व गोवा यांच्या किनाऱ्याला हा विषय परका नाही. दि. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा व खलिजिया-३ या जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल सांडले. उरण, अलिबाग परिसरातील कांदळवनांना त्याचा उपद्रव झाला आणि कोळी बांधवांचा ऐन हंगामाच्या तोंडावरचा व्यवसाय ठप्प झाला. गोव्याच्या पुळणींवर पावसाळ्याच्या आगेमागे तेलाचे काळे घट्ट गोळे लागतात, हा तेथील लोकांचा नित्याचा अनुभव आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांच्या रासायनिक ओळखीचे काम केले आहे. भारतात तेलगाळाच्या उपचारासाठी प्रत्यक्ष वापरात आलेले ऑइलझॅपर हे टेरी या संस्थेचे उत्पादन जीवाणूंचे मिश्रण आहे, शैवालांचे नव्हे. ही वस्तुस्थिती वरील इतिहासाशी सुसंगत आहे.

या पार्श्वभूमीवर महाविद्यालयीन संशोधनाकडे पाहिले पाहिजे. उघड्या पात्रातील डिझेल चार कारणांनी कमी होऊ शकते : हलके घटक हवेत उडून जातात; प्रकाशाने काहींचे ऑक्सिडीकरण होते; काही शैवालपेशींना चिकटतात; काही जीवाणू खातात. ही चार कारणे वजा केल्यावर जे उरेल, तेवढेच शैवालाचे. त्यासाठी शैवालाविना ठेवलेले पात्र, मृत शैवाल घातलेले पात्र, अंधारात ठेवलेले पात्र आणि केवळ सोबतचे जीवाणू असलेले पात्र, अशी तुलनापात्रे आवश्यक आहेत. यांना फारसा खर्च येत नाही. महागडी उपकरणे नसलेल्या महाविद्यालयालाही सूक्ष्मदर्शक व पोषक आगर यांच्या आधारे आपल्या संवर्धनात जीवाणू आहेत की नाहीत हे तपासता येते. संवर्धन शुद्ध नसेल, तर तसे स्पष्ट लिहिणे हा कमीपणा नाही. उलट, ‘शैवाल व त्याचे सहवासी जीवाणू’ असे लिहिणारा विद्यार्थी सत्याच्या अधिक जवळ असतो.

या दक्षतेचे महत्त्व केवळ शास्त्रीय नाही. प्रयोगशाळेतील टक्केवारीवरून उद्या एखाद्या खाडीत शैवाल सोडण्याची शिफारस झाली आणि तेल तळाशी बसले किंवा थराखाली झाकले गेले, तर पाणी वरून स्वच्छ दिसेल. परंतु तिसऱ्या (शिंपल्या) वेचणाऱ्या स्त्रियांच्या टोपलीत ते तेल पुन्हा येईल. निष्कर्षातील एका शब्दाची ढिलाई अशी दूरवर पोहोचते.

१०. निष्कर्ष

१) पेट्रोलियम घटकांचे पूर्ण विघटन करण्याची क्षमता शुद्ध संवर्धनात ज्या शैवालांत स्पष्टपणे दिसली, ती प्रोटोथीका व ओक्रोमोनास यांसारखी पूर्णतः वा अंशतः परपोषी शैवाले आहेत.

२) प्रकाशसंश्लेषी शैवाले अनेक अ‍ॅरोमॅटिक संयुगांचे रूपांतर करतात. रूपांतर म्हणजे विघटन नव्हे; हा भेद १९८० पासून उपलब्ध असूनही वारंवार पुसला गेला.

३) आखातातील शैवालथरांना मिळालेले श्रेय २००५-०६ च्या संशोधनाने मुख्यतः त्यांतील जीवाणूंकडे वळवले. हे खंडन १८९० च्या शुद्ध संवर्धनाच्या जुन्याच कसोटीवर झाले, ही बाब संशोधनपद्धतीच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

४) शैवाल हे प्राणवायू, नत्र, निवारा आणि नित्याचा हायड्रोकार्बन पुरवून विघटकांचा समाज उभा करते. म्हणून भावी उपचारपद्धती एकट्या शैवालावर नव्हे, तर शैवाल-जीवाणू सहजीवनावर आधारलेल्या असाव्यात.

सारांश, या इतिहासात शैवाल तेल खाणारे म्हणून पुढे आले आणि खाणाऱ्यांना पोसणारे म्हणून स्थिरावले. शेतात पीक कोणी काढले असे विचारल्यास बैलाचे नाव घ्यावे की मातीचे, असाच हा प्रश्न आहे. उत्तर देण्यापूर्वी दोघांना वेगळे करून पाहण्याचे कष्ट घेणे, हेच संशोधकाचे काम होय.